रुळांवरील वजनकाटा व त्याची प्रतिकृती

मालगाडीची वाघीण कोळशाने, गव्हाने अथवा इमारती लाकडाने भरून मार्गस्थ झाली, की तिच्यात नेमका किती माल आहे हा प्रश्न पाठवणारा व्यापारी, वाहून नेणारी रेल्वे आणि पलीकडे माल उतरवून घेणारा गिऱ्हाईक अशा तिघांच्याही हिताचा होऊन बसतो. आणि या तिघांपैकी कोणा एकाचा शब्द उरलेल्या दोघांनी प्रमाण मानावा असे काही कारण नसल्यामुळे, रुळांच्या वाटेतच एखादा काटा बसवून त्यावर वाघीण उभी करणे व तो सांगेल तो आकडा सर्वांनी मान्य करणे एवढाच मार्ग उरतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत असे काटे शंभराहून अधिक वर्षे मालवाहतुकीच्या हिशेबाचा मूलाधार होऊन राहिले होते. आणि त्याच देशातील, घरच्या तळघरात वा माळ्यावर रेल्वेची लहान प्रमाणावर प्रतिकृती उभारणाऱ्या हौशी मंडळींनाही या काट्याने दीर्घकाळ मोह घातलेला आहे. या दोन्ही अंगांचा एकत्र आढावा घेताना माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली, ती अशी की, काट्याचे यंत्र कितीही नाजूक व कितीही भक्कम केले, तरी त्याच्या आकड्याला मोल येते ते त्याच्याभोवती कसोशीने पाळल्या जाणाऱ्या शिरस्त्यामुळे. आणि ज्याला काट्याची प्रतिकृती करावयाची आहे, त्याने काट्याच्या खोपटाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, या शिरस्त्याकडे लक्ष पुरवले पाहिजे.

अमेरिकेत मालाचे भाडे बहुतांशी दर शंभर पौंडांमागे आकारले जाई, आणि पूर्ण वाघीण भाड्याने घेणाऱ्याला कमीतकमी अमुक इतक्या वजनाचे भाडे भरावेच लागेल असेही दरपत्रकात नमूद असे. म्हणजे वजनात चूक झाली की भाड्यात चूक झालीच. पण येथे एक गुंता असा होता, की वजन कमी दाखवण्यात पुष्कळदा व्यापारी आणि रेल्वे या दोघांचाही फायदा असे. मोठ्या गिऱ्हाइकाला आपल्याकडे राखण्यासाठी रेल्वे कंपन्या पूर्वी उघडउघड भाड्यात सूट देत. १८८७ साली आंतरराज्य वाणिज्य आयोग स्थापन झाला आणि १९०३ च्या एल्किन्स कायद्याने अशा सवलती दंडनीय ठरवल्या, तेव्हा तीच सवलत कमी वजनाच्या रूपाने चोरपावलांनी देता येणे शक्य होते. अशा व्यवहारात नुकसान होई ते जवळ उभ्या नसलेल्या तिसऱ्याचे, म्हणजे पूर्ण वजनाचे पूर्ण भाडे भरणाऱ्या प्रतिस्पर्धी व्यापाऱ्याचे. आपल्याकडे साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होणाऱ्या काटामारीची तक्रार ऊस उत्पादक शेतकरी पिढ्यानपिढ्या करीत आले आहेत. तेथे तोलणारा व तोलून देणारा हे समोरासमोरचे प्रतिपक्षी असतात. अमेरिकन रेल्वेच्या काट्यावर मात्र हे दोघे संगनमताने एका बाजूला उभे राहू शकत, आणि म्हणूनच त्या काट्यावर सरकारी देखरेख आणावी लागली. मालाच्या वजनातील अनियमिततेची जी चौकशी आयोगाने केली, तिचा निकाल १९१३ साली प्रसिद्ध झाला, आणि तेव्हापासून रुळांवरील काट्यांच्या इतिहासाला निराळे वळण लागले.

परंतु यंत्राचा इतिहास याच्या पुष्कळ आधीचा आहे. व्हर्माँट संस्थानातील सेंट जॉन्सबरी या गावी थॅडियस फेअरबँक्स याने १८३० च्या सुमारास, हेम्प नावाच्या धाग्याच्या पिकाने भरलेल्या गाड्या तोलण्याच्या निमित्ताने, जमिनीसपाट फळी असलेला काटा योजला आणि १८३१ साली त्याचे पेटंट घेतले. त्यापूर्वी भरलेली गाडी तोलायची तर तिला साखळ्यांनी बांधून एका प्रचंड तराजूच्या दांडीला अधांतरी टांगावे लागे. फेअरबँक्सने तरफांची रचना जमिनीखाली नेली. गाडी आपल्या चाकांवर चालत येऊन फळीवर उभी राहावी, आणि तिचा भार एका तरफेकडून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे असा पायरीपायरीने कमी होत जाऊन अखेरीस एका माणसाच्या हाताने सरकवता येईल एवढ्या वजनाने तोलला जावा, ही कल्पना त्याची. पुढे फळीच्या जागी रूळ आले आणि गाडीच्या जागी वाघीण आली.

रुळाखालच्या खड्ड्यात एकदा डोकावून पाहिले तर या रचनेची भव्यता ध्यानात येते. वाघिणीचा भार पेलणाऱ्या आडव्या तुळयांखाली ठरावीक अंतरावर ओतीव लोखंडाच्या मुख्य तरफांच्या जोड्या असतात. प्रत्येक तरफ टणक पोलादाच्या धारदार टेकूवर विसावलेली असते, आणि त्या टेकूची धार जितकी तीक्ष्ण व स्वच्छ, तितका काटा हलका व चोखंदळ. धार बोथट झाली, तिच्यावर गंज चढला, खड्ड्यात पाणी साचले, थंडीत ते गोठले, किंवा काट्यावरचे रूळ व लगतचे स्थिर रूळ यांमधील फटीत खडा अडकला, की काटा सुस्त होतो आणि खोटे बोलू लागतो. आणि तेही असे की दांडी नीट तोललेली दिसावी व पाहणाऱ्याला संशयही येऊ नये. म्हणून खड्ड्यातील सांडपाण्याचा निचरा, त्यात उतरण्याची वाट, आत शिरून धार पुसण्याइतकी जागा या गोष्टींना यंत्राइतकेच महत्त्व असे. सर्व तरफांचा भार एका आडव्या तरफेवाटे रुळांलगतच्या लहानशा खोपटात जाई; तेथे खिडकीशी पितळी दांडी असे, तिच्यावर खाचा असत, आणि त्या खाचांवरून वजन सरकवीत मापाडी बसलेला असे. खोपटाची ती खिडकी बाहेर पुढे आलेली असावी लागे, कारण मापाड्याला वाघिणीचा क्रमांक आणि तिची चारही टोकाची चाके काट्यावर आली आहेत की नाही हे बसल्या जागेवरून दिसणे आवश्यक होते.

आता रुळांची गोष्ट. एवढ्या नाजूक धारांवरून दिवसभर इंजिने धावू लागली तर त्या आठवड्यात बोथट होतील; म्हणून काट्यावर रुळांच्या दोन जोड्या एकमेकींत गुंफून, थोड्याशा अंतराने शेजारी शेजारी टाकलेल्या असत. एक जोडी काट्याच्या तरफांवर विसावलेली, तिला अमेरिकन रेल्वेतील लोक जिवंत रूळ म्हणत. दुसरी काट्याच्या तळाशी अजिबात संबंध न ठेवता स्वतंत्र आधारांवर पलीकडे जाणारी, ते मृत रूळ. दोन्ही टोकांना सांधे असत, आणि सांधेवाला ते बदलून इंजिनाला व न तोलायच्या वाघिणींना मृत रुळांवरून काढून देई, तोलायच्या वाघिणी तेवढ्या जिवंत रुळांवर घेई. ज्या यार्डात ही शिस्त सैल पडली, तेथील काटा लवकर निकामी होई. काट्याच्या दोन्ही अंगांना रूळ काही अंतरापर्यंत सरळ आणि सपाट असावेत असाही दंडक होता, कारण वळणावरून किंवा उतारावरून काट्यावर आलेली वाघीण तरफांना बाजूने रेटते, आणि तो रेटा वजनात मिसळतो.

तोलण्याची क्रिया संथ होती आणि तिला ती संथता आवश्यक होती. इंजिन वाघिणींची माळ ढकलीत आणी, एकेक वाघीण सोडवली जाई, तिला इतर कोणा वाघिणीचा स्पर्श नाही अशी एकटी काट्यावर उभी केली जाई, दांडी स्थिर होई, मापाडी वजन वाचून आपल्या वहीत व बिल्टीवर उतरवी, आणि मग पुढची. एका मोठ्या यार्डात रोज शेकडो वाघिणी येत. त्यातील प्रत्येक तोलायची म्हटली तर वाहतूक तुंबेल. म्हणून नियमित मालाच्या बाबतीत, फळांच्या पेट्या, सिमेंटच्या गोण्या, ज्यांचे नगागणिक वजन ठरलेले असते अशा वस्तू, यांच्यासाठी व्यापाऱ्याशी वजनाचा करार करून ठेवीत; वेस्टर्न वेइंग अँड इन्स्पेक्शन ब्यूरो यांसारख्या संस्था अशा करारांवर नजर ठेवीत, आणि अधूनमधून एखादी वाघीण तोलून त्या करारातील आकड्याची रुजुवात करून पाहत.

मला या सर्वांत अधिक अर्थपूर्ण वाटते ती रिकाम्या वाघिणीच्या वजनाची व्यवस्था. तेल्याच्या दुकानात आधी भांड्याचा धडा करून मग तेल तोलतात, त्याप्रमाणे भरलेल्या वाघिणीच्या वजनातून रिकाम्या वाघिणीचे वजन वजा केल्याशिवाय मालाचे वजन निघत नाही. पण येथे भांडी लाखोंनी, ती देशभर फिरणारी, आणि प्रत्येकीचा धडा दर खेपेस करणे अशक्य. म्हणून प्रत्येक वाघिणीच्या अंगावर तिचे रिकामे वजन, तिने वाहावा असा नाममात्र भार आणि तिच्यावर कमाल किती भार घालता येईल असे तीन आकडे रंगवलेले असत. उदाहरणार्थ, १९४० च्या दशकातील ५० टनी म्हटल्या जाणाऱ्या वाघिणीचे रुळांवरील एकूण वजन १,६९,००० पौंडांपेक्षा जास्त होऊ नये असा नियम होता. तिचे रिकामे वजन ४५,००० पौंड भरले, तर तिच्यात कमाल १,२४,००० पौंड माल घालता येई.

परंतु रिकामे वजन कायम राहत नाही. लाकडी वाघीण पावसाळ्यात पाणी पिते, उन्हाळ्यात वाळते. दुरुस्तीत फळ्या बदलतात, चाके झिजतात व नवी बसवली जातात, तळाशी मालाचा गाळ साचतो. म्हणून नियमाने ठरवलेल्या मुदतीनंतर वाघिणीला पुन्हा तोलून, जुना आकडा पुसून, नवा आकडा व त्याखाली तोलणाऱ्या कारखान्याचे सांकेतिक चिन्ह आणि महिना व वर्ष रंगवावे लागे. वर्षानुवर्षे धुळीने व धुराने काळवंडलेल्या वाघिणीच्या बाजूवर ताज्या रंगाचा एक लहानसा चौकोन आणि त्यात पांढरेशुभ्र आकडे, असे दृश्य त्या काळच्या छायाचित्रांत वारंवार दिसते. जो आकडा सर्व हिशेबांत वजा होणार, तो स्वतःच तारखेनिशी लोकांसमोर मांडलेला असणे ही मला या व्यवस्थेची मोठी प्रामाणिक खूण वाटते. भारतीय रेल्वेच्या वाघिणींच्या अंगावरही रिकामे वजन व वहनक्षमता रंगवलेली असते, हे मालधक्क्यावर उभ्या असलेल्या कोणालाही दिसेल.

तथापि वाघीण तोलणारा काटा खरा आहे हे कोण ठरवणार? याचे उत्तर राष्ट्रीय मानक संस्थेकडे आले. १९०१ साली स्थापन झालेल्या या संस्थेने १९१३ च्या सुमारास रुळांवरील काटे तपासण्याचे काम हाती घेतले, आणि शिकागोजवळ क्लिअरिंग येथे एक प्रमाण काटा उभारला, की ज्यावर देशातील तपासणीच्या वाघिणी तोलून प्रमाणित केल्या जाव्यात. सहन करण्याजोगी चूक ठरली ती हजारी २ ची, म्हणजे १,००,००० पौंडांमागे २०० पौंडांची. या कामी वापरल्या जाणाऱ्या तपासणीच्या वाघिणी हा रेल्वेच्या जगातील एक विलक्षण प्राणी आहे. आखूड, चार चाकांची, आतून घट्ट, वजन सामान्यतः ८०,००० पौंडांच्या आसपास; तिला स्वतःचा ब्रेक नसे, कारण ब्रेकचे ठोकळे झिजले की तिचे वजन बदलेल; तिच्यावर पाणी साचू नये, गंज चढू नये, धूळ बसू नये म्हणून तिची निगा एखाद्या प्रमाण मापाप्रमाणे घेतली जाई; आणि ब्रेक नसल्यामुळे तिला गाडीच्या शेवटी, गार्डच्या डब्याच्या लगेच पुढे जोडून, मंद वेगाने नेले जाई. काट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती सरकवीत नेऊन प्रत्येक तरफजोडीवर तिचे वजन वाचत, आणि कोठल्या जोडीत चूक आहे ते शोधून काढत. तिच्यात काही लहानशा पोकळ्या असत, त्यांत शिसे घालून वा काढून तिचे वजन प्रमाणाशी मिळवून घेता येई. शिकागोचा प्रमाण काटा पुढे कृषी खात्याच्या धान्य-तपासणी विभागाकडे गेला.

संथपणे एकेक वाघीण तोलण्याला पर्याय शोधणे वाढत्या वाहतुकीत अपरिहार्य होते. मोठ्या यार्डात वाघिणी एका कृत्रिम उंचवट्यावरून सोडून देत आणि त्या स्वतःच्या वजनाने खाली घरंगळत आपापल्या मार्गावर जात. त्या उतारावरच काटा बसवला की वाघीण चालता चालता तोलली जाईल. पण हिशेब करून पाहावा: वाघिणीच्या पहिल्या व शेवटच्या आसांमधील अंतर ३६ फूट, काट्याची लांबी ६० फूट, आणि वेग ताशी ४ मैल, तर चारही आस एकाच वेळी काट्यावर असण्याचा काळ चारेक सेकंदांहून अधिक नाही, तेवढ्यात दांडी स्थिर व्हावी आणि आकडा नोंदला जावा अशी अपेक्षा होती. त्यासाठी टेकूच्या धारेऐवजी लवचीक पोलादी पट्ट्यांचे टेकू आले व आपोआप वजन छापणारी यंत्रे आली. खरी क्रांती केली ती ताणमापकाने. १९३८ साली कॅलिफोर्नियातील एडवर्ड सिमन्स आणि मॅसॅच्युसेट्समधील आर्थर रूज यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे हा शोध लावला. तारेचा विद्युत्‌रोध तिला ताण बसला की बदलतो, एवढ्या साध्या तत्त्वावर भार मोजणारे पेटीवजा घटक तयार झाले, आणि तरफांचे जंगल हळूहळू ओसाड पडत गेले.

आज वायोमिंगच्या पावडर रिव्हर खोऱ्यातून निघणाऱ्या कोळशाच्या शंभराहून अधिक वाघिणींच्या गाड्या एकमेकींना जोडलेल्या अवस्थेत, न थांबता तोलल्या जातात. जोडलेल्या वाघिणींत शेजारणीचा ओढा व ढकल वजनात मिसळतो, म्हणून एकेका वाघिणीचा आकडा किंचित चुकू शकतो, परंतु संपूर्ण गाडीच्या बेरजेत या चुका परस्परांना बऱ्याच अंशी छेदून टाकतात. आणि नियमही तदनुसार एकेकीसाठी वेगळे व समूहासाठी वेगळे आहेत. भारतीय रेल्वेवरही आता चालत्या गाडीचे वजन करणारे काटे प्रचलित आहेत, आणि १९८९ च्या रेल्वे अधिनियमाच्या ७३ व्या कलमान्वये जादा भार घातलेल्या वाघिणीसाठी दंडात्मक भाडे आकारले जाते, त्यामुळे येथे काट्याचा प्रश्न भाड्याबरोबरच रुळांच्या व पुलांच्या सुरक्षिततेचाही होतो. अमेरिकेत १९८० च्या स्टॅगर्स कायद्यानंतर रेल्वे व व्यापारी यांना परस्पर करार करून भाडे ठरवण्याची मुभा मिळाली, आणि यार्डातील काट्याचे महत्त्व त्याबरोबर कमी झाले.

आता प्रतिकृतींकडे वळू. अमेरिकेत सर्वाधिक प्रचलित असलेले प्रमाण १:८७ चे. त्यानुसार ५० फुटी काटा सुमारे साडेसतरा सेंटिमीटरांचा होतो. वजनाचा प्रश्न मात्र घनाच्या प्रमाणात जातो: लांबी ८७ पट लहान झाली, की वजन साडेसहा लाख पटींहून अधिक लहान होते, आणि १ ग्रॅमला साधारणपणे ६६० किलोग्रॅमचे प्रतिनिधित्व करावे लागते. वर सांगितलेली ५० टनी वाघीण भरलेली असताना ११६ ग्रॅमची, रिकामी असताना केवळ ३१ ग्रॅमची व्हावी, आणि हजारी २ ची चूक धरली तर काट्याला पाव ग्रॅमहून कमी फरक कळला पाहिजे. सराफाचा काटा तो दाखवील. पण लहान रुळांवर चाकांचा काठ घासतो, कपलिंग किंचित अडते, आणि तो फरक त्यातच बुडून जातो. याशिवाय १९३५ साली मिलवॉकीत स्थापन झालेल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने रुळावरून घसरू नये म्हणून प्रतिकृतींच्या वजनाची जी शिफारस केली आहे, म्हणजे १ औंस व शिवाय लांबीच्या दर इंचामागे अर्धा औंस, तिच्यानुसार ४० फुटी वाघीण १०६ ग्रॅमची होते. म्हणजे रिकामी वाघीणसुद्धा जवळजवळ भरलेल्या वाघिणीइतकी जड ठेवावी लागते. मग काट्याला भरलेली व रिकामी यांतील भेद कळणार कसा? म्हणून खरोखर तोलणारा छोटा काटा करण्याचा हट्ट मला व्यर्थ वाटतो. वाघिणीचा क्रमांक घालताच पटणारा आकडा दाखवणाऱ्या विद्युत्‌दर्शकाचा आधार कोणी घेतला, तर तो प्रामाणिक तडजोड म्हणून स्वीकारण्यास हरकत नाही.

त्याऐवजी प्रतिकृतिकाराने आपले कसब जिवंत व मृत रुळांच्या गुंफणीत दाखवावे. १:८७ च्या प्रमाणात दोन जोड्यांतील अंतर सुमारे साडेतीन मिलिमीटर येते. डावे दोन रूळ एकत्र मिळतात, उजवे दोन एकत्र मिळतात, त्यामुळे डाव्या व उजव्या रुळाचे छेदन कोठेही होत नाही आणि विजेचा गुंताही उद्भवत नाही. हे काम नाजूक आहे, पण अशक्य नाही. आणि इंजिन मृत रुळांवरून नेण्याची शिस्त खेळणाऱ्याला पाळावयास लावणे हेच त्याचे सार्थक. वाघिणींच्या बाजूवरील वजनाचा ताजा चौकोनही विसरू नये. ज्या प्रतिकृतीत १९४९ चा काळ दाखवला आहे, तेथे १९५३ ची तोलण्याची तारीख असलेली वाघीण उभी राहिली, तर बाकी सर्व तपशील कितीही चोख असला तरी जाणकाराची नजर तेथेच अडखळते.

याहून मोठी गोष्ट वाहतुकीच्या खेळाची. वाघिणींचे पत्ते व बिल्ट्या वापरून प्रत्येक वाघिणीला खरा प्रवास देण्याची पद्धत अमेरिकेत १९६० च्या दशकापासून रूढ होत गेली. त्या बिल्टीवर एक ओळ जोडावी, की ही वाघीण तोलून पुढे न्यावी. एवढ्याने यार्डातील सारा डाव बदलतो. वाघीण आपल्या माळेतून काढावी लागते, काट्याच्या मार्गावर न्यावी लागते, सांधे बदलावे लागतात, एकटी उभी करावी लागते, आणि मापाड्याचे काम करणाऱ्याने आकडा लिहून देईपर्यंत थांबावे लागते. कधी आकडा कमाल भारापेक्षा जास्त यावा. मग ती वाघीण परत मालधक्क्याकडे न्यावी, थोडा माल उतरवल्याचे मानावे आणि पुन्हा तोलावी. ज्या मालासाठी वजनाचा करार आहे, त्या वाघिणी मात्र सरळ पुढे जाऊ द्याव्यात. कधीतरी त्यांतील एखादी नमुन्यादाखल काट्यावर आणावी. आणि महिन्यातून एखाद्या दिवशी गार्डच्या डब्यापुढे जोडलेली तपासणीची वाघीण यार्डात आणून, ती काट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवीत असताना काटा बंद ठेवावा आणि तोलायच्या सर्व वाघिणी बाजूच्या मार्गावर साचू द्याव्यात. म्हणजे यार्डाच्या कारभाऱ्याला त्या दिवशीची गाडी वेळेवर सोडायची की वाघिणी मागे ठेवायच्या याचा निर्णय खरोखरच करावा लागेल.